वाचकांचे प्रश्न : खिशातला चाकू जुन्या वळणाचा घ्यावा की नव्या?

गेल्या अंकात घडीच्या चाकूची निगा कशी राखावी हे सांगताना ओघात मी एक वाक्य लिहून गेलो होतो : रोजच्या कामाला लॉक (म्हणजे उघडे पाते पक्के धरून ठेवणारी कळ) नसलेला जुन्या पद्धतीचा चाकू बहुतेकांना पुरतो. निगेविषयीच्या मजकुराकडे फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. पत्रे आली ती सगळी या एका वाक्यावर. काहींनी मान डोलावली आहे, काहींनी चांगलेच धारेवर धरले आहे. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आयुष्यात पहिल्यांदाच खिशात बाळगण्यासाठी चाकू घेत आहे. एकीकडे लाकडी किंवा हाडाच्या मुठीचे, नखाने उघडायचे चाकू दिसतात. दुसरीकडे काळ्या पात्याचे, खिशाला क्लिपने अडकवायचे, अंगठ्याच्या एका हालचालीत उघडणारे ‘टॅक्टिकल’ चाकू. माझे काम बैठे आहे. पार्सले उघडणे, दोरी कापणे, पेन्सिलीला टोक करणे, दुपारी एखादे फळ चिरणे, एवढाच वापर. कोणता घ्यावा?

उत्तर : आपण कामांची यादी दिलीत हे फार चांगले झाले, कारण बहुतेक जण आधी चाकू निवडतात आणि मग त्याला काम शोधत बसतात. आपल्या यादीतले प्रत्येक काम पातळ पात्याचे आहे. चाकूची तुलना करताना लोक पोलादाचे नाव विचारतात, लॉकचा प्रकार विचारतात, पण पाते पाठीकडे किती जाड आहे आणि धारेच्या लगेच मागे किती जाड आहे हे फार थोडे जण पाहतात. कापण्याच्या अनुभवात सर्वांत मोठा फरक तर तिथेच पडतो. नव्या वळणाच्या दणकट चाकूचे पाते पाठीशी तीन ते चार मिलिमीटर जाड असणे नेहमीचे. फ्रान्सच्या सवॉय भागात १८९० पासून बनत आलेल्या ओपिनेल चाकूच्या आठ नंबरचे पाते दोन मिलिमीटरहूनही पातळ असते.

हा फरक पाहायचा असेल तर एक घट्ट सफरचंद घ्या. पातळ पाते त्यातून आवाज न करता खाली जाते आणि दोन्ही भाग कापलेल्या जागी गुळगुळीत, ओलसर दिसतात. जाड पाते अर्ध्यापर्यंत कापते आणि तिथून पुढे पाचरीसारखे काम करू लागते. ‘टच्च’ असा आवाज होतो, फळ पुढच्या पुढे फुटते, आणि फुटलेल्या भागाचा पृष्ठभाग खडबडीत राहतो. दोन्ही चाकूंची धार केस काढण्याइतकी तीक्ष्ण असली तरी हे असेच होणार, कारण पहिल्या काही मिलिमीटरनंतर धारेचे काम संपते आणि पात्याच्या आकाराचे सुरू होते. जाड पुठ्ठा लांबच लांब कापतानाही हाताला हाच अनुभव येतो.

नव्या चाकूंची घडण मूर्खपणातून आलेली नाही, हेही सांगायला हवे. हा चाकू एकाएकी जन्मलेला नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० क्रमांकाचा चाकू आला आणि मुठीच्या पाठीवर दाबून सोडवायच्या लॉकमुळे घडीचा चाकू अखंड पात्याच्या चाकूइतका भरवशाचा वाटू लागला, मात्र तो वजनाने दोनशे ग्रॅमच्या आसपास असल्यामुळे कमरेच्या म्यानातच शोभत असे. १९८१ मध्ये स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने खिशाच्या काठाला अडकवायची क्लिप आणि अंगठ्याने उघडण्यासाठी पात्यात गोल छिद्र असलेला चाकू आणला. त्याच दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या कारागिराने मुठीच्या आतल्या धातूच्या अस्तराच्या पट्टीचेच लॉक करण्याची जुनी कल्पना आजच्या रूपाला आणली. एका हाताने उघडणारा, आपोआप लॉक होणारा आणि नेहमी त्याच जागी सापडणारा चाकू, या तीन सोयी एकत्र आल्या त्या अशा. त्यानंतर पात्याला काळा थर, टोकाला छिन्नीसारखा कोन, मुठीला खरखरीत दाते हे सगळे चढत गेले आणि ‘टॅक्टिकल’ हे नाव चिकटले. त्या तीन सोयी खऱ्या अर्थाने उपयोगाच्या आहेत. बाकीचा बराचसा भाग पोशाख आहे, असे माझे मत आहे.

म्हणून निवड करताना जुने की नवे असे विचारण्यापेक्षा, चाकू काढावा लागतो त्या क्षणी आपला दुसरा हात मोकळा असतो का, हे विचारावे. आपण टेबलाशी बसून पार्सल उघडता तेव्हा दोन्ही हात मोकळेच असतात, आणि नखाने पाते उघडायला लागणाऱ्या दोन-तीन सेकंदांनी काहीही अडत नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ८४ मिलिमीटर लांबीचा ‘कॅडेट’ चाकू किंवा त्यासारखा कोणताही पातळ चाकू आपल्याला शोभेल. त्याचे वजन पन्नास ग्रॅमच्या आत आहे आणि खिशात तो आहे हे दुपारपर्यंत आपण विसरून जाल. वजनाची गोष्ट वाटते तितकी किरकोळ नसते. सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा चाकू पहिले आठ दिवस हौसेने खिशात राहतो आणि नवव्या दिवशी टेबलाच्या खणात जातो.

तरीही मन द्विधा असेल तर आठवडाभर एक चिठ्ठी खिशात ठेवा आणि काहीतरी कापायची वेळ आली की काय कापले, कुठे उभे होतात आणि दुसऱ्या हातात काय होते एवढेच तिच्यावर टिपा. सात दिवसांनी ती चिठ्ठीच उत्तर देईल.

प्रश्न : आपले मागील अंकातील विधान मला बेजबाबदार वाटले. मी शिडीवर चढून तारा ओढण्याचे काम करतो. एका हाताने शिडी किंवा तार धरलेली असते. अशा वेळी नखाने पाते उघडत बसू काय? आणि लॉक नसलेले पाते बोटांवर मिटले तर जबाबदार कोण?

उत्तर : आपला राग रास्त आहे. ‘बहुतेकांना’ असे म्हणताना मी टेबलाशी बसणाऱ्यांनाच डोळ्यांसमोर ठेवले होते. वरच्या उत्तरातली कसोटी लावली तर आपला दुसरा हात मोकळा नाही, आणि तेवढ्यानेच निवड ठरते : एका हाताने उघडणारा, लॉक होणारा आणि क्लिपने ठरलेल्या जागी असणारा चाकूच आपल्या कामाचा.

बोटांवर मिटण्याविषयी स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी पट्ट्याला जास्तीचे एक भोक पाडायचे होते. हाताशी आरी नव्हती, म्हणून दोन पात्यांच्या स्प्रिंगच्या चाकूचे टोक चामड्यावर टेकवून गोल फिरवत होतो. टोक रुतले, मी मनगट किंचित वाकवले, आणि पात्याच्या पाठीवर जोर येताच स्प्रिंगने हार मानली. पाते तर्जनीच्या मधल्या पेरावर मिटले. जखम खोल नव्हती, पण पेराच्या वळणावरच असल्यामुळे दोन आठवडे बोट दुमडले की ती उघडत असे. दोष चाकूचा मुळीच नव्हता. जुन्या पद्धतीच्या चाकूत पाते फक्त पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते. धारेवर जोर असेल, म्हणजे आपण खरोखर कापत असू, तोवर तोच जोर पात्याला उघडे ठेवतो. टोकाने भोसकणे, खुपसून फिरवणे, अडकलेले पाते वर उचकटून काढणे या तिन्ही कृतींत जोर उलट्या बाजूने येतो. ज्यांच्या कामात या कृती रोजच्या आहेत त्यांनी स्प्रिंगच्या भरवशावर राहू नये.

पण लॉक आहे म्हणजे निर्धास्त, असेही समजू नका. मुठीच्या आत अस्तराची पातळ पट्टी वाकवलेली असते आणि पाते पूर्ण उघडले की ती पात्याच्या बुडामागे येऊन बसते, हा प्रकार आज सर्वांत जास्त आढळतो. नव्या चाकूत ती पट्टी बुडाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत आलेली असावी. जेमतेम कडेवर टेकत असेल तर झटक्याने सुटण्याची भीती असते, आणि वापराने घासत घासत पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिडली असेल तर पाते डुगडुगू लागते. खिशातले कापसाचे तंतू आणि धूळ नेमकी त्याच जागी साठतात. महिन्यातून एकदा दात घासण्याच्या जुन्या ब्रशने ती जागा झाडावी. मुठीची जाड बाजूच लॉकचे काम करते असे चाकूही असतात, तिथेही हीच तपासणी लागू पडते.

या पट्टीच्या लॉकमध्ये आणखी एक गोम आहे, जिच्याकडे विक्रीच्या वेळी कोणी लक्ष वेधत नाही. चाकू मिटवताना अंगठा पट्टी दाबायला आत जातो, म्हणजे तो क्षणभर पात्याच्या मार्गातच असतो. घाईत एका हाताने मिटवणाऱ्यांचे अंगठे यामुळेच कापतात. पाठीवरचे लॉक, किंवा मुठीच्या दोन्ही बाजूंना बटणे असलेले आडव्या कांबीचे लॉक, जे बेंचमेड या अमेरिकी कंपनीने १९९८ मध्ये आणले, त्यांत बोटे मार्गाबाहेर ठेवून चाकू मिटवता येतो. शिडीवर आपल्याला मिटवायचेही एकाच हाताने आहे, तेव्हा माझी शिफारस या दोन प्रकारांपैकी एकाची आहे. क्लिपची दिशाही पाहून घ्या. पात्याचे टोक खिशात वरच्या बाजूला राहत असेल तर चाकू जिथे उघडतो ती बाजू खिशाच्या शिवणीला लागून असावी, म्हणजे पाते चुकून किंचित उघडले तरी हात आत घालताना बोटांना लागत नाही.

तार सोलण्यासाठी मात्र चाकू काढू नका, त्याचे अवजार वेगळे आहे. हे आपल्याला माहीत असणारच, पण हे उत्तर इतरही वाचतील.

प्रश्न : पोलादाच्या नावांनी डोके चक्रावते. १०९५, ४२० एचसी, डी२, एस३०व्ही. जितके महाग तितके चांगले असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. पोलादाकडून आपण तीन गोष्टी मागतो : धार जास्त काळ टिकावी, गंज चढू नये आणि धार पुन्हा सहज लावता यावी. यांतली पहिली आणि तिसरी गोष्ट बहुधा एकमेकींच्या विरोधात जातात.

१०९५ हे साधे कार्बन पोलाद आहे, त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो आणि क्रोमियम जवळजवळ नसतेच. त्याला उत्तम बारीक धार चढते, साध्या दगडावर पाच मिनिटांत चढते, पण ओले ठेवले तर ते एका रात्रीत लाल डाग दाखवते. फळे कापता कापता अशा पात्यावर निळसर-करडी छटा चढते. ती गंज नव्हे, उलट गंजाला काहीसा अटकाव करणारा थर आहे. घासून काढण्याचा खटाटोप करू नये. मला स्वतःला ही छटा आवडते, कारण पात्याने काय काय कापले त्याचा हिशोब तिच्यात दिसतो. ज्यांना चकचकीत पातेच हवे असते त्यांनी या वाटेला जाऊ नये.

४२० एचसी आणि त्याच्या जातीची स्टेनलेस पोलादे मधल्या वाटेने जातात. व्हिक्टोरिनॉक्सची पाती रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास कठीण असतात. महागड्या चाकूंची बहुधा ५९ ते ६१. हा आकडा कमी दिसतो म्हणून अनेक जण नाक मुरडतात. प्रत्यक्षात थोडे मऊ पाते चुकून चिनी मातीच्या ताटलीवर घासले गेले तर त्याची धार वळते, आणि वळलेली धार चामड्यावर चार हात फिरवले की सरळ होते. कठीण पात्याची धार अशा वेळी कणाकणाने तुटते, आणि तुटलेली धार दगडावर झिजवूनच परत मिळवावी लागते.

डी२ हे मुळात साचे बनवण्याचे पोलाद. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असूनही ते पुरते स्टेनलेस ठरत नाही, कारण त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बनशी बांधले गेलेले असते आणि गंजाशी झुंजायला मोकळे उरत नाही. एस३०व्ही हे २००१ च्या सुमारास खास चाकूंसाठी तयार झाले. पूड करून पुन्हा घट्ट दाबलेल्या या पोलादात सुमारे चार टक्के व्हॅनेडियम असते आणि त्याचे अतिकठीण कण धार दीर्घकाळ टिकवतात. पण तेच कण धारेच्या नेहमीच्या दगडापेक्षाही कठीण असल्यामुळे अशा पात्याला हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते. दिवसभर पुठ्ठे कापणाऱ्याला ही देवाणघेवाण परवडते. ज्याच्या घरी एकच जुना दगड आहे आणि जो महिन्यातून एकदा निवांत बसून धार लावतो, त्याला हे पोलाद डोकेदुखी वाटेल.

धार लावण्याविषयी एवढेच सांगतो, की पाते दगडाशी दर बाजूला पंधरा ते वीस अंशांत धरावे आणि दुसऱ्या बाजूला, टोकापासून बुडापर्यंत, बोटाला सूक्ष्म खरखर लागेपर्यंत बाजू बदलू नये. बहुतेकांची धार लागत नाही ती या खरखरीच्या आधीच कंटाळा आल्यामुळे. अर्धे पाते दातेरी असलेला चाकू मात्र पहिल्या खरेदीत टाळा. दाते दोरीवर छान चालतात, पण ते बोथट झाले की सपाट दगडाचा उपयोग होत नाही, निमुळती कांडी घेऊन एकेक दाता घासावा लागतो.

प्रश्न : टॅक्टिकल चाकू आत्मसंरक्षणासाठी जवळ असावा, असे एका परिचितांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

उत्तर : नसावा. प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या हातातला चाकू झटापटीत त्याच्या मालकालाही तितकाच कापतो. भांडण जिथे धक्काबुक्कीवर मिटले असते तिथे रक्त सांडते, आणि पुढे कायद्यासमोर आपण चाकू कशासाठी बाळगला होता याचे उत्तर द्यावे लागते. ‘संरक्षणासाठी’ हे उत्तर अनेक देशांत आपल्या बाजूने न जाता विरुद्ध जाते. चाकू हे अवजार आहे, तसेच त्याकडे पाहावे.

प्रश्न : मला कामानिमित्त अनेक देशांत फिरावे लागते. कोणता चाकू कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित?

उत्तर : सगळीकडे चालेल असा एकही नाही, पण कायद्याचा कल कुठे असतो ते सांगता येते. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपर्यंत धार असलेला घडीचा चाकू सर्वसाधारणपणे कारण न सांगता बाळगता येतो. मात्र लॉक होणारा चाकू या सवलतीत बसत नाही, असा निर्वाळा तेथील न्यायालयाने १९९० च्या दशकात दिला. जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा चाकू सबळ कारणाविना बाळगण्यास मनाई आहे. म्हणजे ज्या सोयींमुळे नवा चाकू कामाला चांगला, नेमक्या त्याच सोयी कायद्याच्या नजरेत खुपतात, आणि प्रवाशाच्या दृष्टीने लॉक नसलेला लहान चाकू हा सर्वांत कमी अडचणीचा पर्याय ठरतो. तरीही प्रत्येक ठिकाणचा चालू नियम निघण्यापूर्वी पाहून घ्या. हे नियम बदलत असतात आणि शाळा, न्यायालये, सभागृहे यांचे स्वतःचे निर्बंध वेगळे असतात. विमानात चाकू नेहमी सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेतच ठेवावा. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला चिमुकला चाकू तपासणीच्या रांगेत आठवतो आणि तिथेच सोडून द्यावा लागतो. माझे असे दोन गेले आहेत.

कायद्याच्या जोडीला लोकांची नजरही असते. चारचौघांत कुणी ‘जरा चाकू आहे का’ म्हणून विचारले आणि आपण लाकडी मुठीचा चाकू काढून नखाने उघडला, तर कोणी मान वर करून पाहत नाही. तेच काळे पाते खाडकन उघडले की समोरचा नकळत अर्धे पाऊल मागे सरतो. काम दोन्हींनी सारखेच होते, पण ते अर्धे पाऊल मला रोजच्या वापरात नको असते.

प्रश्न : माझ्या वडिलांकडे चाळीस वर्षांपासूनचा दोन पात्यांचा चाकू आहे आणि तो त्यांना सोडवत नाही. आता संधिवातामुळे त्यांना नखाने पाते उघडता येत नाही, नखही तुटते. अंगठ्याने उघडणारा नवा चाकू आणला तर ते त्याला हात लावत नाहीत. काही मार्ग आहे का?

उत्तर : आधी त्यांचा जुना चाकू नीट साफ करून पाहा. चाळीस वर्षांत सांध्यात वाळलेले तेल आणि मळ साठून स्प्रिंग मूळच्यापेक्षा जड झालेली असू शकते. कोमट पाण्यात साबण घालून पाते काही वेळा उघड-मीट करा, पण मूठ लाकडाची किंवा हाडाची असेल तर चाकू पाण्यात बुडवून ठेवू नका. पूर्ण सुकवून सांध्यात खनिज तेलाचा एकच थेंब सोडा. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे दुसरे कोणतेही तेल घालू नका, ते पुढे चिकट होते. पुष्कळदा एवढ्याने काम भागते. नसेल भागत, तर मुठीला मध्यावर अर्धगोल खाच पाडून पात्याची पाठ उघडी ठेवलेले जुन्या वळणाचे चाकू मिळतात. त्यांत नख लावावे लागत नाही, पाते चिमटीत धरून उघडता येते. कुशल कारागीर त्यांच्याच चाकूच्या मुठीला अशी खाच पाडून देऊ शकेल, मात्र त्यासाठी आधी वडिलांची परवानगी घ्यावी लागेल.

तिसरा पर्याय ओपिनेलसारख्या चाकूचा. त्यात पाठीची स्प्रिंगच नसते, पाते लाकडाच्या घर्षणावर फिरते आणि १९५५ पासून त्याच्या गळ्याशी असलेले कडे फिरवले की पाते जागच्या जागी पक्के होते. दमट हवेत लाकूड फुगून पाते आत घट्ट बसले तर मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकावे. पात्याचे टोक चिमटीत येण्याइतके आपोआप बाहेर डोकावते. सवॉयमधले लोक ही युक्ती कैक वर्षे करत आले आहेत, आणि दुखऱ्या बोटांना तिचा त्रास होत नाही.